तळ्याकाठची पाठमोरी

चित्रसंग्रहालयाच्या चौथ्या दालनात त्यांची खुर्ची बावीस वर्षं एकाच जागी होती, म्हणून सगळे त्यांना खुर्चीकाका म्हणत. काम पहाऱ्याचं. चित्रांतलं त्यांना काडीचंही कळत नव्हतं आणि तसं ते खुशाल सांगत.

समोर, चार हातांवर, एक भलंमोठं चित्र होतं. सकाळचं तळं, धुकं, पलीकडची झाडं. खोकायलाही संकोच वाटावा इतकी शांतता. डाव्या कोपऱ्यात काठावर एक बाई पाठमोरी बसलेली, जराशी वाकून. सहा वर्षांपूर्वी बायको गेली आणि काकांना ती पाठ ओळखीची वाटू लागली. सकाळी आल्यावर ते हळूच म्हणत, "आलो गं." संध्याकाळी निघताना, "येतो." दिवसभरात त्यांचं बोलणं असं तेवढंच. घरी बोलायला भिंती होत्या.

मग मुलगी रजा काढून आली. बाबांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलेलं तिनं पाहिलं आणि त्यांना धरूनच डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू चांगला पिकला होता. डोळ्यांत तेल घालून पहारा करणारा माणूस इतकी वर्षं अंदाजानंच पहारा करत होता म्हणायचा!

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मुलगी परत गेली, काका कामावर आले. खुर्चीवर बसून त्यांनी मान वर केली आणि "आलो गं" ओठांतच राहिलं. काठावर बाई नव्हतीच. तपकिरी रंगाचे दोन फटकारे होते, वर एक पांढरा ओघळ. रंगारी भिंतीला ब्रश पुसतो तसे. तळंही तसलंच. बायको दुसऱ्यांदा गेली असंच त्यांना वाटलं, आणि हे सांगणार कुणाला? दृष्टीआड सृष्टी म्हणतात ते काही खोटं नाही.

आठवडाभर काका चित्राकडे पाठ करून बसले.

"काका, बाईंशी भांडलात वाटतं?" फरशी पुसणाऱ्या मावशींनी दारातून विचारलं. "बोलणं बंद आहे आठ दिवस."

काका ओशाळले. "कुठली बाई? रंग फासलाय नुसता."

"नाक लावून बघितलं तर रंगच दिसणार. इथं दाराशी या बघू."

काका गेले, वळले. तिथून तळं पुन्हा तळं झालं होतं, त्यावर धुकं होतं आणि काठावर ती होती, जराशी वाकून.

त्यांनी खुर्ची दारापर्यंत ओढत आणली. दुपारी साहेब खेकसले, "इतक्या लांबून चित्रावर लक्ष कसं राहणार?"

"इथूनच राहतं, साहेब."

साहेब गेले. मावशीही बादली उचलून पुढच्या दालनात गेल्या. दालन रिकामं झाल्यावर काका म्हणाले, "आलो गं. उशीर झाला जरा."

तिनं मान वळवली नाही. ती कधीच वळवत नसे.