कोरड्या खोलीतली धूळ

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग हात आपोआप जोडले जातात.

पोलीस खात्यातून माझी निवृत्ती तोंडावर आली होती. जालन्याजवळ विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा नवा कारखाना सुरू झाला आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना नोकऱ्या लागल्या. दसऱ्याच्या सकाळी कारखान्याची तक्रार आली. बॅटऱ्या बनवायच्या खोलीत कुणीतरी धूळ टाकली होती आणि सगळा माल वाया गेला होता. त्या खोलीत हवासुद्धा वाळवून सोडतात. मी काचेतून पाहिलं आणि थक्क झालो. कालपरवापर्यंत कापूस वेचणाऱ्या बायका तिथे पांढऱ्या झग्यात एवढाली यंत्रं चालवत होत्या.

व्यवस्थापक परमुलखातले. म्हणाले, "घातपात करणारी सापडली नाही, तर इथल्या सगळ्या बायका उद्यापासून बंद. बाहेरून माणसं आणू."

कॅमेऱ्यात झगे आणि मुखपट्ट्यांमधून फक्त डोळे दिसत होते, कुणाची ओळख पटेना. तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. कामगारांच्या बसमध्ये कुजबुज होती, एकीनं हातमोज्यात पुडी दडवून नेली. नाव मात्र कुणी घेत नव्हतं.

महिला अंमलदाराला सोबत घेऊन एकेकीला विचारलं. "घातपात? बिलकुल न्हाई, साहेब." खोटं बोलणारा माणूस आधी पाणी मागतो, हा माझा अनुभव. इथे एकीनंही मागितलं नाही. माझी मती गुंग झाली.

ठाण्यावर परतलो. पहारेकऱ्याच्या रायफलीवर आदल्या दिवशीच्या खंडेनवमीच्या शस्त्रपूजेचं कुंकू अजून होतं. मी जीप तशीच मागे फिरवली.

कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून विचारलं, "मशीनची पूजा कुणी केली?"

कुंभार पिंपळगावच्या एका बाईनं लगेच हात वर केला. "मी केली की. चिमूटभर हळदकुंकू नेल्तं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही घातपाताचं इचारून राह्यले. पूजेचं कोणी इचारलंच न्हाई."

त्यानंच माल बिघडला, हे सांगितल्यावर ती उठून पुढे आली. "यंदा ऊसतोडीला जायचं न्हाई म्हणून लेकरं नाचून राह्यलीत, साहेब. जिच्यामुळं घरी राह्यलो, तिला सणाला कुंकू लावायचं न्हाई? मंग मलाच काढा. ह्या पोरींना नका काढू."

व्यवस्थापकांना ठाण्यात आणलं, रायफल दाखवली. "आम्हीही हेच करतो," एवढंच म्हणालो. त्यांनी त्याच दिवशी तक्रार मागे घेतली, कुणालाच काढलं नाही.

माणूस दरवेळी लपवतोच असं नाही, कधी आपलाच प्रश्न चुकतो. नोकरीच्या शेवटी ही अक्कल आली.

पुढच्या खंडेनवमीला कारखान्यानं मला बोलावलं. खोलीच्या काचेवर, बाहेरच्या अंगानं, त्या बाईनं कुंकवाचं बोट टेकवलं. पलीकडे यंत्र चालू होतं. व्यवस्थापकांनी बूट काढून ठेवले होते.