डाव्या हाताचा चमचा

आमच्या तंजावरच्या मराठी नातेवाइकांची वृद्धाश्रम तपासायची एक पद्धत आहे. आत शिरायचं, नाकानं हवा ओढायची. फिनाइलचा वास आला की 'क्लीन आहे'. मग फरशी बघायची. मग सांबार चाखायचं. सांबार आमच्याच पूर्वजांनी शोधलं असं गावभर सांगत फिरणारी माणसं आम्ही. सांबारात नापास झालेली संस्था आम्हाला चालत नाही, आणि पास झालेलीत कुणी मेलं तर ते वयामुळे मेलं असं आम्ही म्हणतो.

तिरुवैयारूच्या रस्त्यावर, भाताच्या शेतांमध्ये नव्यानं उभ्या राहिलेल्या त्या आश्रमाचं सांबार उत्तम होतं. म्हणून माझी आत्या तिथे होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, थोरली बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. अर्धांगवायूनं उजवा हात गेला, जीभ जराशी जड झाली, डोकं मात्र जसंच्या तसं. तिचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ दादा, अमेरिकेत. आश्रम त्यानंच निवडला, वेबसाइटवरचे तारे बघून. व्हिडिओ कॉलवर आई दर वेळी आणखी बारीक दिसायला लागली, तेव्हा त्यानं मला फोन केला.

"तू जाऊन बघ गं, केअरची क्वालिटी कशी आहे ते. तू चळवळीतली. चुका काढण्यात तुझा हात कोण धरणार?"

"आणि चुका सापडल्या तर?"

"तर बघू. पण उगाच भांडू नकोस. तिथे दुसरी चांगली जागा नाही."

म्हणजे निकाल लागलेलाच होता. मला नुसता शिक्का मारायला पाठवत होता. मी न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी गेले.

मॅनेजरबाईंनी आधी काफी पाजली. पितळी डवऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, वर फेस.

"ही आतल्यांना मिळते?" मी तमिळमध्ये विचारलं.

"छे! पाट्ट्यांना मग झोप येत नाही."

पाट्टी म्हणजे आजी. तिथे सगळ्याच बायका पाट्टी. नाव कुणालाच नव्हतं. मग देवघर दाखवलं, त्यातलं सोनेरी तंजावरी चित्र दाखवलं. व्यायामाचं एक यंत्र दाखवलं, त्यावरचं प्लास्टिक अजून निघायचं होतं.

"हे वापरतं कोण?"

"इम्पोर्टेड आहे," बाई म्हणाल्या.

शेवटी स्वयंपाकघर. मला चवीसाठी वाटीभर सांबार आलं. मी वाटी खाली ठेवली आणि मागच्या दारी, ताटं घासायच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिले. दवाखान्यांच्या वॉर्डांतून रुग्णांच्या हक्कांची पत्रकं वाटता वाटता एवढं मला कळलंय: काय वाढलं ते कुणीही हौसेनं दाखवतं. परत काय आलं ते बघावं.

ज्यांना चालवत नाही त्यांची ताटं खाटेवरून परत येत होती. काही चाटूनपुसून, काही अर्धी. एका ताटात आत्याचं नाव कोरलेला स्टीलचा टंबलर होता. भाताचा ढीग वाढला तसाच. वर तूप थिजलेलं. बोटसुद्धा लागलेलं नाही. शेजारी चमचा, लखलखीत.

"पाट्टीला भूक नसते," आया म्हणाली.

"रोज?"

"रोजच. टंबलरातलं ताक तेवढं पिते."

मॅनेजरबाई मागून आल्याच. "आम्ही भरवत नाही हं. भरवलं की माणूस परावलंबी होतो, त्याचा सन्मान जातो. डावा हात चांगला आहे त्यांचा, चमचा देतो. त्याच को-ऑपरेट करत नाहीत." आणि त्यांनी गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक माझ्या हातात ठेवलं. सन्मान. स्वावलंबन. निवडीचा हक्क.

आमचेच शब्द! आम्ही ते आजाऱ्यांसाठी लिहिले होते. यांनी तेच वापरून भरवणाऱ्या दोन आयांचा पगार वाचवला.

"तुम्ही जेवता का हो डाव्या हातानं?"

त्या हसल्या. "मला काय झालंय?"

तमिळ मुलखात जन्म काढलेल्या बाईनं हे म्हणावं! इथे सुटे पैसे डाव्या हातानं दिले तर बसचा कंडक्टर भांडतो. आत्या तर त्याच्याही पुढची. एकदा मी तिला माझं पत्रक डाव्या हातानं दिलं होतं. मी हात बदलेपर्यंत ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिनं आता चार बायकांसमोर त्या हातानं अन्न तोंडात घालावं, आणि त्याला सन्मान म्हणावं!

आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. मनगटाची हाडं दिसत होती.

"जेवली का नाहीस?"

"कसें जेवूं? ह्या हातें?" तिनं आपल्या जुन्या तंजावरी मराठीत विचारलं आणि डावा हात उचलून दाखवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"मग भरवा म्हणून सांगायचंस."

"विचारलें कोणीं? मागून खायला मी देवळापुढें बसलेंय का?"

"अगं, अशानं मरशील."

"गणितांत मी कच्ची नाहीं. तें मज कळतें."

मी दुसरं ताट आणवलं. भात कालवला, घास केला. तिनं तोंड उघडलं. दुसरा घास, तिसरा. सांबारात मीठ कमी म्हणाली. इतक्या नातेवाइकांनी पास केलेलं सांबार तिनं एका वाक्यात नापास केलं. शेजारच्या खाटेवरची बाई, जिला मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, ती मान वळवून, तोंड उघडून वाट बघत होती. तिलाही दिला. मग एक तिला, एक आत्याला.

"किती गोड!" म्हणत मॅनेजरबाईंनी मोबाइलवर फोटो काढला.

तिथूनच दादाला फोन लावला आणि परत आलेलं ताट कॅमेऱ्यापुढे धरलं.

"अगं, पण ती चमच्याची सवय करून घेईल तर—"

"तुझ्या मुंजीत भटजींच्या हातावर दक्षिणा डाव्या हातानं ठेवली होतीस का?"

तो स्क्रीनजवळ वाकला. मग म्हणाला, "मागे आई काय म्हणतेय?"

"मीठ कमी म्हणतेय."

"घेऊन जा तिला घरी," तो म्हणाला. तारे न मोजता घेतलेला त्याचा हा पहिला निर्णय.

आत्या आता आमच्याकडे आहे. तिला अप्पा भरवतात, ज्यांनी आजवर स्वतःचं ताटही उचललं नव्हतं. घास मोठे करतात म्हणून रोज बोलणी खातात. तिच्या गालांवर थोडं मांस आलंय.

टंबलर तिकडेच राहिला होता, तो आणायला मी परत गेले. दर्शनी भिंतीवर, सोनेरी चौकटीत, माझा हात होता. माझा हात, आत्याचं उघडलेलं तोंड, आणि खाली झोकदार तमिळ अक्षरात: 'घरच्या मायेचा घास'.

"काढा तो."

"का गं कण्णू, बाळ? किती छान आलाय!"

फोटोच्या कडेला शेजारच्या खाटेवरची ती बाई आली होती, तोंड उघडून थांबलेली. तिला कापून टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या भिंतीवर खरं असं तेवढंच होतं.

टंबलर हातात आला तशी मी आत वळले.

"आता कुठे? तुमची पाट्टी तर गेली."

"जेवणाची वेळ आहे ना?" मी म्हटलं आणि हात धुवायला मोरीवर गेले.