काकूंचं नाक आणि काकांचं ऑम्लेट

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत कपडे टाकायला जाताना भल्याभल्यांची छाती धडधडायची, आणि त्याला कारण होतं काकूंचं नाक. लॉन्ड्री तशी नवरा-बायको दोघांची. पुढच्या खोलीत काउंटर, तिथे काकू. मागच्या खोलीत धुण्याची यंत्रं, गरम पाण्याची टाकी आणि इस्त्रीचं टेबल, तिथे काका. त्याच्याही मागे स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तेव्हा घरात एकमेकांशी भांडायला आता ही दोघंच उरली होती.

कपडा आला की काकू तो काउंटरवर पसरत, डाग शोधत आणि वाकून डाग हुंगत. गिऱ्हाईक डागाबद्दल काय सांगतंय ते त्या कानाआड करत, कारण वयाबद्दल आणि डागाबद्दल माणूस कधी खरं बोलत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. आणि हे हुंगणं काही उगाच नव्हतं. दूध, रक्त किंवा अंडं यांच्या डागाला गरम पाणी लागलं की तो कापडातच शिजतो, मग कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. त्याला आधी गार पाणीच लागतं. म्हणून काकू हुंगायच्या आणि मान वळवून मागे आवाज द्यायच्या, "अहो, अंडं आहे! गार पाणी!"

हा आवाज समोरच्या औषधांच्या दुकानापर्यंत पोचायचा. आता त्या गल्लीत निम्मी माणसं शाकाहारी, म्हणजे स्वतःला शाकाहारी म्हणवणारी. काउंटरवर त्यांची काय गत होत असेल ते वेगळं सांगायला नको.

व्यायामशाळेचा मास्तर छाती फुगवून म्हणायचा, मी शुद्ध शाकाहारी, फक्त अंड्यातलं पांढरं खातो. पिवळ्याचं काय करता, असं काकूंनी विचारलं तर म्हणाला, "बायकोला देतो, ती कुठे शाकाहारी आहे?" बँकेतल्या बाईंना अंडं डोळ्यांसमोर नको असायचं, पण केक चालायचा, कारण केकमध्ये ते दिसत नाही. एक वकील होते, ते घरात शाकाहारी होते. घराबाहेर काय होते याबद्दल त्यांच्या शर्टाच्या बाह्या साक्ष द्यायच्या. आणि वरच्या मजल्यावरची कॉलेजातली पोरगी तर दूध, मध, रेशीम, लोकर असं सगळंच सोडून बसली होती. तिने एकदा काकूंनाच धरलं, "काकू, तुम्ही एवढ्या कट्टर, मग चहात दूध कसं काय?"

काकू म्हणाल्या, "गाईची तक्रार आली की बघू." पण त्या दुपारचा चहा त्यांनी भिंतीकडे तोंड करून घेतला, हे काकांच्या नजरेतून सुटलं नाही.

दुधाचं काही का असेना, अंड्याच्या बाबतीत काकूंचा कायदा साफ होता. नाही म्हणजे नाही. बिस्किटात नाही, केकमध्ये नाही, केसांना लावायलासुद्धा नाही. गंमत अशी की जन्मात एकदाही जिभेवर न ठेवलेल्या या वस्तूचा वास त्यांना सगळ्यात पक्का पाठ होता. शेजारीपाजारी वाढदिवसाचा केक कापण्याआधी काकूंच्या नाकाखालून फिरवून नेत, आणि काकूंनी मान डोलवली की मगच घरातल्या वडीलधाऱ्यांना तुकडा मिळे.

आणि अशा बाईचा नवरा दर बुधवारी ऑम्लेट खायचा.

लग्न ठरताना काकांनी अंडं सोडल्याचं कबूल केलं होतं, आणि कबूल करताना ते अगदी मनापासून केलं होतं. मन नंतर फिरलं, त्याला ते तरी काय करणार? बुधवारी धुतलेले कपडे घरोघर पोचवायला ते सायकल काढायचे. बस स्टँडच्या मागे एक गाडीवाला कांदा-मिरची घालून, कडा कुरकुरीत होईपर्यंत ऑम्लेट भाजायचा, तिथे सायकल आपोआप थांबायची. खाऊन झालं की साबणाने हात, खळखळून चूळ, वर पेपरमिंट आणि त्यावर कडक कॉफी. मग चेहरा साळसूद करून काका दुकानात पाऊल टाकायचे, आणि डोकं वरही न करता काकू म्हणायच्या, "खाल्लंत ना?"

पुढची शिक्षा ठरलेली. जेवताना हातभर लांब बसायचं, भांडी घासायची आणि भाषण ऐकायचं. भाषणात काकांचा शब्द, काकूंचं नशीब आणि कोंबडीची कीव हे तीन मुद्दे असत. काका खाली मान घालून ऐकत. खरं सांगायचं तर त्या भाषणाशिवाय बुधवार पुरा झाल्यासारखा त्यांना वाटतच नसे.

त्या वर्षी काकूंना जबरदस्त सर्दी झाली. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, आणि वरच्या पोरीने येऊन सांगितलं की कॅप्सूलचं वरचं कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. झालं! काकू एकेक कॅप्सूल उघडून आतली पूड पाण्यात कालवून घेऊ लागल्या, आणि घेताना तोंड असं करत की बघणाऱ्याचा ताप उतरावा. सर्दी अखेर गेली. काकू पुन्हा काउंटरवर येऊन बसल्या.

पहिल्याच बुधवारी काका दारात येऊन नेहमीप्रमाणे थबकले. काकूंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "आलात? वकिलांचे शर्ट राहिलेत इस्त्रीचे."

काकांचा स्वतःच्या नशिबावर विश्वास बसेना. पुढच्या बुधवारी त्यांनी पेपरमिंटला फाटा दिला. तरी काही नाही. मग बुधवारची वाट कशाला बघायची म्हणून गुरुवारीही खाल्लं, शनिवारी डबल खाल्लं. इतकंच नाही, तर काउंटरपाशी येऊन काकूंच्या तोंडासमोर तोंड नेऊन "हवा हल्ली थंड आहे, हो ना?" असली, भरपूर 'ह' असलेली वाक्यं टाकून बघितली. काकू शांतपणे म्हणाल्या, "हो, आहे."

एवढं रान मोकळं मिळूनही काकांचं काहीतरी बिनसत चाललं. भांडी घासायला कोणी सांगेना. कोंबडीची कीव कोणी करेना. चोरी पकडलीच जाणार नसेल तर पेपरमिंट चघळत, धास्तावत घरी येण्यात काय मजा? पण काकूंना झालंय तरी काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. तो त्यांना पडायला शाकाहार मंडळाचे अध्यक्ष यावे लागले.

अध्यक्षांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं आणि शाकाहारावर त्यांची भाषणं होत. त्यांनी आपला पांढरा सुती कोट लॉन्ड्रीत टाकला. "चहा सांडलाय," ते म्हणाले. काकूंनी वाकून हुंगलं आणि मागे आवाज दिला, "चहा आहे. गरम पाणी चालेल." काकांनी कोट डोळे झाकून गरम पाण्यात टाकला. बाहेर काढला तेव्हा छातीवरचा डाग पिवळाधमक आणि दगडासारखा पक्का झाला होता. तो डाग कशाचा, हे काकांनी एका नजरेत ओळखलं. त्यांची त्या पदार्थाशी ओळखच तशी होती.

कोट न्यायला आलेले अध्यक्ष भडकले. "हे काय करून ठेवलंत? परवा सभा आहे माझी!" दुकानात तेव्हा व्यायामशाळेचा मास्तर आणि बँकेतल्या बाईही उभ्या होत्या.

काका पुढे आले. "साहेब, चहा असा बसत नाही. डाग खरा कशाचा होता तेवढं सांगा, म्हणजे काही उपाय करता येईल."

"सांगितलं ना, चहा!"

"नक्की? दुसरं काही नाश्त्याचं वगैरे?"

अध्यक्षांनी मास्तरकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि घसा खाकरला. "चहाच. आणि काय हो, एवढं काही वाईट नाही दिसत. द्या तो इकडे." कोट काखेत मारून ते तरातरा निघून गेले. मास्तर तर हसून हसून काउंटरवर आडवा झाला.

काकांनाही हसू फुटत होतं. आता काकू "अंडं!" म्हणून गरजतील अशा आशेने ते वळले, आणि बघतात तर काकूंचा चेहरा उतरलेला. दोन्ही हातांनी त्यांनी काउंटरची कड धरून ठेवली होती. काकांचं हसू जागच्या जागी विरलं. इतके दिवस जे नशीब वाटत होतं ते काय होतं, ते त्यांना तेव्हा कळलं.

दुकान रिकामं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून गं?"

"सर्दी गेली तेव्हा हेही घेऊन गेली." काकूंना रडू आवरेना. "लिंबू हुंगलं, साबण हुंगला, लेकीची जुनी शाल पेटीतून काढून हुंगली. कशालाच वास नाही. जेवण तर चिंध्या चघळल्यासारखं लागतं."

"मग डाग हुंगत कशाला बसायचीस?"

"लोक बघतात ना! नाक गेलेल्या बाईला काउंटरवर कोण विचारणार?" मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "तुम्ही बुधवारी कुठे जाता ते कळत होतं मला. वार कळतो अजून. पण वास आल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही, म्हणून गप्प बसले."

काकांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. बायको पेटी उघडून लेकीची शाल हुंगत होती, आणि हा गृहस्थ शनिवारी डबल ऑम्लेट हाणून तिच्या तोंडावर हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

दुसऱ्या दिवशी ते काकूंना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "हमी देत नाही, पण नाकाला पुन्हा शिकवता येतं. ओळखीचे, उग्र वास रोज सकाळी मन लावून हुंगायचे. निदान दोन महिने, आणि मध्ये सोडायचं नाही. तुमच्या नाकाच्या सगळ्यात जास्त ओळखीचा वास कोणता?"

काका छताकडे बघत बसले, कारण या प्रश्नाचं उत्तर आपण दिलं तर आपली धडगत नाही हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी काकूच पुटपुटल्या, "अंड्याचा."

"अरे वा, अंडी खाता वाटतं रोज?"

"मी?" काकू खुर्चीतून उठल्याच. "छे! नवरा खातो!"

अशा रीतीने अंडं त्या घरात आलं, तेही काकूंच्या परवानगीने. तवा वेगळा, ताटली वेगळी, दोन्हीचा मुक्काम खिडकीबाहेर. रोज सकाळी काका ऑम्लेट टाकायचे आणि काकू डोळे मिटून तव्यावर वाकायच्या. "काही नाही," म्हणायच्या आणि उठायच्या. ऑम्लेट मग काका खायचे, पण पहिले काही दिवस ते त्यांच्या घशाखाली उतरेना. आयुष्यभर चोरून खाल्लेली वस्तू उघड्यावर, गरमागरम, बायकोच्या देखत मिळत होती, आणि ती चोरट्या ऑम्लेटच्या पासंगालाही पुरत नव्हती.

काउंटरवरही काकांनी एक युक्ती काढली. काकू हुंगून झाल्या की कपडा आत नेताना ते स्वतः हळूच हुंगायचे, आणि जरा जरी शंका आली तरी गार पाण्यात टाकायचे. त्यांचं नाक यथातथाच. मोहरीच्या चटणीला अंडं समजून त्यांनी एक टेबलक्लॉथ दोन दिवस भिजत ठेवला. पण काकूंचा आवाज समोरच्या दुकानापर्यंत पूर्वीसारखाच जात राहिला, आणि गल्लीचा वचकही टिकून राहिला.

आठवडे गेले. काकूंचं "काही नाही" रोजचंच झालं. पुढे पुढे तर त्या तव्यावर वाकेनाशा झाल्या. दारातूनच हुंगल्यासारखं करायच्या, "काही नाही" म्हणायच्या आणि लगबगीने काउंटरवर निघून जायच्या. बिचारीने आशा सोडली, असं काकांच्या मनात यायचं आणि हातातला घास ताटलीत परत जायचा. पण माणूस कशालाही सरावतो. आपल्याही नकळत काका आता ऑम्लेटमध्ये मिरपूड घालू लागले होते, आणि खाता खाता गुणगुणूही लागले होते.

एके सकाळी ऑम्लेट तव्यावर टाकून काका खिडकीतून वरच्या पोरीशी बोलत उभे राहिले. कोंबडीने स्वखुशीने दिलेलं अंडं शाकाहारी धरावं की नाही, असा वाद चालला होता आणि काका हरत होते. तेवढ्यात पुढच्या दुकानातून आवाज आला, "अहो, करपतंय! उलटा ते!"

काकांनी घाईघाईने ऑम्लेट उलटलं. कडा काळी पडली होती, पण वाचलं. आणि मग उलथनं त्यांच्या हातातच राहिलं. काकू पुढे काउंटरवर होत्या. मधे इस्त्रीची खोली होती आणि दोन्ही दारं लोटलेली होती.

ते उलथन्यासकट धावत पुढे आले. काकू एका शर्टाची कॉलर फार लक्ष देऊन तपासत होत्या.

"तुला वास आला?"

"कसला?"

"करपल्याचा!"

काकूंनी कॉलर उलटी करून बघितली. काकांनी पुन्हा विचारलं, "कधीपासून येतोय?"

"झाले की बरेच दिवस."

"मग रोज 'काही नाही, काही नाही' कशाला म्हणत होतीस?"

काकू शर्टाची घडी घालत म्हणाल्या, "दाराच्या फटीतून बघायचे मी. इतक्या आवडीने खाताना कधी बघितलं नव्हतं तुम्हाला. बाहेर चोरून खायचात, मला काय दिसणार? आणि डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत. औषध मध्येच सोडायचं नसतं."

काकांचे डोळे भरून आले. जिला केकच्या तुकड्यातलं अंडं सहन होत नव्हतं, ती बाई रोज सकाळी त्या वासात उभी राहत होती, आणि याला ऑम्लेट गोड लागावं म्हणून आपलं परत आलेलं नाक लपवून ठेवत होती. काहीतरी बोलावं म्हणून ते पुढे झाले.

"शी! लांबून बोला, लांबून!" काकू कडाडल्या, आणि समोरचा औषधवाला दचकून बाहेर आला. "जा, खाऊन घ्या ते आणि तोंड धुवा आधी. काय घाण वास मारताय!"

काका हातात उलथनं घेऊन तिथेच उभे राहिले, ती हे आणखी एकदा म्हणेल म्हणून.