नानांचं विश्व, शंका वर्ज्य

"नानांना प्रश्न विचारायचा नाही."

जळगावच्या आमच्या खगोल मंडळात मी गेले त्या पहिल्याच रविवारी सेक्रेटरी भाऊंनी हा नियम सांगितला. का, हेही विचारायचं नाही! चार मोठी माणसं मिळून एका माणसाला जपायला लागली की किस्से साचतातच. आमच्याकडे तर ढीग झाला. सांगताना हसू येतं, मग चुटपुट लागते.

नाना म्हणजे निवृत्त सायन्स टीचर. मी फिजिक्स घेतलं ते त्यांच्यामुळेच. त्यांचा सिद्धांत असा: महास्फोट झालाच नाही. आपलं विश्व एका जुन्या विश्वातल्या कृष्णविवरातून जन्मलं, आणि कृष्णद्रव्य म्हणजे त्या आईची अजून जाणवणारी ओढ.

*

एकदा नानांनी आम्हाला फैजपूरला केळीच्या बागेत नेलं. कापलेल्या खोडाशेजारी फुटलेलं पील, म्हणजे नवा कोंब, दाखवून म्हणाले, "हे आपलं विश्व! आणि ते खोड म्हणजे कृष्णविवर!"

अंगावर काटा आला माझ्या. खरंच. पण ही ओढ बाहेरून येते, तर ती नेमकी दीर्घिकांभोवतीच का साचते? विचारायला मी तोंड उघडलं, तोच भाऊंनी त्यात सोललेलं केळं कोंबलं.

"खा बेटा, झाडावर पिकलेलं आहे!"

*

मंडळानं वर्गणी काढून दुर्बीण आणली. नाना सहज म्हणाले, "विश्वातलं बहुतेक द्रव्य दिसतच नाही." भाऊंनी लगेच दुर्बिणीवर खोळ चढवली.

"दिसतच नाही, तर लेन्स कशाला खराब करायची?"

उन्हाळ्यात नानांच्या धाकट्या बहिणीनं, अक्कांनी, दुर्बिणीच्या स्टँडला दोरी बांधून शेवया वाळत घातल्या. मी ओरडले, तर म्हणतात कशा, "मंग काय व्हयनं? तठे बठ्ठा अंधारच शे ना!" तिथे सगळा अंधारच, मग शेवयांनी काय बिघडतं, म्हणे.

*

धुळ्याला एका कॉलेजात नानांचं व्याख्यान होतं. शेवटी एक पोरगा उठला. "सर, तुमचं चूक असेल, तर ते कशावरून कळेल?"

नानांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! ते पुढे वाकले, चष्मा सावरला... आणि भाऊंनी माईकचा प्लग उपटला.

"लाईट गेली, लाईट गेली! चहा घ्या सगळे!"

डोक्यावर पंखे गरागरा फिरत होते.

परतीच्या एसटीत नाना म्हणाले, "हुशार होता पोरगा. नाव तरी विचारायला हवं होतं." मग एरंडोल येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले. भाऊ मात्र खूश. नानांचा मान राखला ना!

*

नानांच्या पंच्याहत्तरीला सिद्धांताची पुस्तिका काढायचं ठरलं. मी तोवर एम.एस्सी. झाले होते. नानांच्या ओसरीवर सगळे बसलेले असताना भाऊ मला म्हणाले, "स्टेजवर तू एवढंच म्हणायचं. मी तपासलं, बिनचूक आहे."

"मी नाही म्हणणार."

"अगं, त्यांनी तुला घडवलं!"

"म्हणूनच नाही म्हणणार. तपासू कुणी दिलंय?"

अक्कांनी माझा हात दाबला. "बाई, त्यास्नं वय तरी देख."

"वयच बघतेय, अक्का. अजून किती वर्षं एकटं ठेवायचं त्यांना?"

भाऊंनी नानांकडे पाहिलं. नानांनी आपली खुर्ची ओढत माझ्यासमोर आणली.

चष्मा सावरत पुढे वाकले आणि म्हणाले, "हं, विचार."