धुतलेले खडक

मुलांनो, तुम्ही आलात तर घसरू नये म्हणून मी घरामागचे समुद्रातले खडक ब्लीचिंग पावडरने घासून घेतले होते. आज शेजारची सुलभा कालवणासाठी तिथल्या गोगलगाई वेचायला आली आणि रिकामी टोपली घेऊन परतली.

"काकी, ताटं घासावीत तसे खडक घासलेत! शेवाळाच्या वासावर गोगलगाईंची पिल्लं येतात. आता कोण येणार हो?"

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पट्टीने रेघ मारून. दिसतही नाहीत अशी ती पिल्लं पाण्यात भटकतात आणि तो वास लागला की तिथेच टेकून गोगलगाय होतात. नाही लागला, तर वाहत जाऊन मरतात. त्यांना जे घर वाटतं, ते मला घाण वाटलं.

सुलभाची माफी मागायची होती. तोंडून निघालं, "चहा घेतेस?"