सुतक न पाळणारं पोट

मुलुंडला आमच्या शेजारी मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ राहत. कुणी भेटलं की ते "पोट काय म्हणतंय?" असं विचारत आणि उत्तराची वाट न पाहता खिशातला स्टेथोस्कोप काढून सदऱ्यावरूनच पोटाला लावत. ऐकताना डोळे मिटून बोटाने संथ ताल धरत.

"हृदयाचं कौतुक सगळेच करतात हो," ते म्हणत. "आतड्याचा तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा, तरी हलत राहतो. मेंदूचा हुकूम लागत नाही. त्याच्या भिंतीतच काही पेशी ताल धरून बसलेल्या असणार."

आई गेली तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना. सुतकात आमची चूल पेटत नव्हती, आणि शेजारून आलेले डबे मी तसेच परत करत होतो. एका दुपारी हे गृहस्थ पिठलं-भात घेऊन आले. भेटायला आलेली माणसं माना खाली घालून बसली होती.

"भूक नाही," मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही. शिवाशिवीचा विचार न करता सगळ्यांसमोर माझ्या पोटाला नळी लावली आणि डोळे मिटले. त्यांचं बोट हलू लागलं. तेवढ्यात माझं पोट असं गुरगुरलं की मावशीने तोंडाला पदर लावला.

"मेंदूला सुतक आहे, कबूल," ते गंभीरपणे म्हणाले. "ह्याला कुणी कळवलेलं दिसत नाही."

माझ्या 'भूक नाही'वर आईनेही कधी विश्वास ठेवला नव्हता. मी ताट पुढे ओढलं. ते मात्र नळी काढायला तयार नव्हते. पहिला घास खाली पोचलेला त्यांना ऐकायचा होता.