लॉरी कुणाच्या कामावर होती?

आदरणीय गोविंदराव अण्णांना मी प्रथम भेटलो ते त्यांच्या बंगळूरच्या बसवनगुडीतील घरी. वकिलीची सनद नुकतीच हाती आली होती आणि त्यांच्या हाताखाली काम शिकायचे होते. "तुम्हांला कुणी पाठवलं?" त्यांनी विचारले. मी नाव सांगितले. "यात त्यांचा काय फायदा?" हा पुढचा प्रश्न. असा संशयी माणूस मी पाहिला नव्हता.

त्या संशयाचे मोल मला सरस्वतीअक्कांच्या दाव्यात कळले. त्यांचे यजमान चिकपेटजवळ लॉरीखाली सापडून गेले. मागे दोन लहान मुली. लॉरीचे मालक कापडाचे व्यापारी होते. ड्रायव्हर मुनियप्पा न विचारता, स्वतःच्या कामासाठी रिकामी गाडी घेऊन गेला, तेव्हा जबाबदारी त्याची एकट्याची, असे ते म्हणत. मुनियप्पाही तेच म्हणे. त्याच्याकडून भरपाई मिळणे अशक्यच होते.

"स्वतःचा गुन्हा कुणी इतका पाठ करून सांगत नाही," अण्णा म्हणाले.

थोड्याच दिवसांत अक्कांचे भाऊ माझ्याकडे आले. "तुमचे अण्णा त्या व्यापाऱ्याच्या गोदामाबाहेर कॉफी पीत होते. फितले की काय?" अण्णांच्या कानावर घातले, तर ते शांतपणे म्हणाले, "संशय जरूर घ्या. स्वल्प थांबा मात्र."

कोर्टात त्यांनी मुनियप्पाला अहोजाहो करीतच विचारले, "ब्रेक उशिरा दाबलात?"

ते त्याला लागले. "वेळेवर दाबला, स्वामी. मागं एवढं वजन असताना थांबेल कशी?"

"रिकाम्या गाडीत कसलं वजन?"

मुनियप्पा मालकांकडे पाहू लागला.

"तुरुंगात गेलात तर घर ते चालवतील, असं ठरलंय ना? आजवर काही दिलं?"

"नाही, स्वामी." मग म्हणाला, "गठ्ठे शेटजींचेच होते. त्यांनीच पाठवलं होतं."

पाठोपाठ, गोदामाबाहेर अण्णांबरोबर कॉफी प्यायलेल्या हमालाने गठ्ठे चढवल्याची साक्ष दिली. गाडी मालकांच्याच कामावर होती असे ठरले आणि भरपाई त्यांच्यावर बसली. मुली शिकल्या, थोरली आज शिक्षिका आहे.

मुनियप्पाला शिक्षा झालीच. साक्ष विकत घेतली असे कुणी म्हणू नये म्हणून निकालापर्यंत अण्णा त्याच्या घराकडे फिरकले नव्हते. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मात्र त्यांनी तिथे तांदळाचे पोते पोहोचवले, आणि तो सुटेपर्यंत त्यात खंड पडू दिला नाही.

आज अण्णा साठीत पदार्पण करीत आहेत. गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी, नजर अशीच तीक्ष्ण राहावी आणि ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही, त्यांच्यासाठी आणखी पुष्कळ वर्षे त्यांनी कोर्टात उभे राहावे, एवढेच आम्हां सर्वांचे मागणे.